मागच्या सीटवरून दिसणारा आकडा

५ जानेवारी २०२५, रविवार

टण्. टण्. टण्. मग खस्स.

आज ओट्यावर बसलो असता हा आवाज कानात आला, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा. पहारीचा आवाज. कातळावर पडली की टण् म्हणते, मुरमात शिरली की खस्स. मी बांधकाम खात्यात मैलकामगार म्हणून लागलो आणि मुकादम म्हणून निवृत्त झालो. शहापूर-मुरबाड रस्त्याचा आमच्या गावाकडचा तुकडा माझ्या गँगकडे होता. शहाऐंशी साली त्यावर किलोमीटरचे नवे दगड आम्हीच पुरले. अठरा नंबरचा दगड पुरला तो दिवस मला पाठ आहे. सकाळभर टण् टण्. तीन पहारी वाकल्या. चंदर नावाचा गडी घामाने भिजून ओला. मी बाजूला उभा राहून शाळेतली कविता म्हणत होतो, भुजंगप्रयातातली, लगागा लगागा लगागा लगागा, आणि त्या ठेक्यावर गडी पहार उचलत होते. दुपारच्या भाकरीनंतर एकदम खस्स! दगड असा बसला, जणू त्याची जागा आधीच ठरलेली होती. मी सगळ्यांना म्हणालो, पाहा, कवितेपुढं कातळसुद्धा नरमतो.

आजचा आवाज मात्र गीताबाईच्या काठीचा होता. गीताबाई म्हणजे आमची मंडळी. भाद्रपदात माझ्या मोटारसायकलवरून पडली आणि पाय मोडला. शाळेजवळ रातोरात एक गतिरोधक उगवला होता, त्याला मी काय करणार? प्लास्टर निघून दीड महिना झाला.

मुरबाडच्या विहारात बायकांचं गाण्याचं मंडळ आहे. दर रविवारी दुपारी सराव. सात फेब्रुवारीला रमाई जयंतीचा कार्यक्रम. गेली अकरा वर्षं पहिली ओळ गीताबाई उचलते, मग बाकीच्या पंधरा जणी धरतात. आज पांढरं लुगडं नेसून तयार झाली. मी गाडी पुसून अंगणात काढली.

"बस गो."

"तुमच्या मागं? नाय."

"हळू नेईन."

"हळू म्हंजे किती?"

"हळू म्हणजे हळू."

"तो काटा सा वर्सं शून्यावर मरून पडलाय. मी पडले तवा पण शून्यच होता ना?"

ती यष्टीने गेली. वर चढताना कंडक्टरने हात दिला म्हणे. परतीची गाडी चुकली, जीपने फाट्यावर सोडलं, तिथून काठी टेकत दीड किलोमीटर चालत आली. घोटा सुजला आहे. पाय शेकताना अट घातली: "मला आकडा दिसला पायजे. मागं बसून. चाळीसच्या वर गेला का मी उतरनार. आकडा नाय तर मी बसनार नाय, आन यष्टीनं पण जानार नाय. सात तारखेला घरात बसेन."

लेकीला, संघरत्नाला, कल्याणला फोन केला. ती म्हणाली, बाबा, गाडी विका. पोरं लगेच विकायलाच निघतात.

नवा मीटर बसवायचा.

७ जानेवारी

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरातले आकडे कापले. मोठे, मधले, बारीक. कॅलेंडरात चाळीस नसतो हे आज ध्यानात आलं. चार आणि शून्य वेगळे कापून चिकटवावे लागले. एका स्टुलावर मी, हातात खराटा आडवा, हा हँडल. मागे पाटावर गीताबाई, तांदूळ निवडत.

"हा किती?"

"चाळीस."

"आणि हा?"

"चाळीस."

"अगो, हा अठ्ठावीस आहे!"

"मंग दाखवा ना नीट. तुमचा खांदा मधी येतोय. आन मी तुमच्यासारखी ढेंगा टाकून बसते का? दोनी पाय डावीकडं टाकून बसते मी. मला तुमच्या डाव्या खांद्यावरून काय दिसलं तर दिसनार."

चौदा वर्षं ही बाई माझ्या मागे बसली आणि तिला काय दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं आम्ही दोघं एकच रस्ता बघतो.

निष्कर्ष: आकडा अंगठ्याच्या पेराएवढा उंच हवा आणि मीटर हँडलच्या डाव्या बाजूला.

९ जानेवारी

मुरबाड. स्पेअर पार्टवाला रामूशेठ ओळखीचा आहे. त्याने काउंटरवर चार मीटर मांडले. पहिला जुन्या चालीचा, काट्याचा, चाकापासून वर केबल येते. दुसरा गोल, त्यात सात रंग, गिअरचा नंबर, इंजिनाचे फेरे, कोपऱ्यात एक वाघही चमकतो. तिसऱ्याला चाकाशी काही देणंघेणं नाही. उपग्रह वरून वेग सांगतो. हे ऐकून मी हरखलो. आकाशातून कोणीतरी आपल्याकडे बघतं आहे आणि मला नावाने हाक मारून सांगतं आहे, बारकू, पस्तीस. पण रामूशेठ म्हणाला, दाट झाडीत कधी कधी अडखळतो. मग नको. माझ्या चाकाचं मोजमाप चाकाजवळच झालेलं बरं.

चौथा साधा. काळी पट्टी, पांढरे ठसठशीत आकडे. चाकावर लोहचुंबक चिकटवायचं, शेजारी सेन्सर बसवायचा, चाक फिरलं की तो फेरे मोजतो.

दुकानात एक बाई ब्रेकच्या तारेसाठी थांबल्या होत्या. त्यांना म्हणालो, "ताई, जरा माझ्या डाव्या खांद्यामागं उभ्या राहता का?"

"कशाला?"

"बायकोसाठी."

त्या रामूशेठकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, "उभ्या राहा ताई, मुकादम कवी माणूस हायेत, वाईट नायेत." बॅटरीला तारा लावून चारही मीटर उन्हात नेले. सात रंगांचा उन्हात विझल्यासारखा झाला, वाघासकट. चौथ्याचा आकडा ताईंना दीड हातावरून लख्ख दिसला. तोच घेतला.

१२ जानेवारी, रविवार

मीटर बसला!

भगीरथचं गॅरेज विहाराच्या समोरच आहे. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला माणूस, चाळिशीचा, बोलायला तिखट, हात सोन्याचे. गाडी बघून म्हणाला, "मुकादम, मीटर नंतर. बॅटरी कवाच मेलीय. कीक मारून मारून तिला जिती समजताय तुमी."

बॅटरी बदलली. हेडलाइटचं भांडं उतरवलं, आतून वायरींचा गुंता निघाला. भगीरथ एकेक वायर सोडवत गेला. कुठली चावी फिरवल्यावर जिवंत होते, कुठली इंडिकेटरची, कुठली बॉडीला टेकते. पुढच्या चाकाच्या हबवर हरभऱ्याएवढं लोहचुंबक चिकटवलं आणि सेन्सरची पट्टी अशी वाकवली की दोघांत फक्त एका नाण्याची फट राहावी. जास्त झाली तर मोजत नाही, कमी झाली तर घासतं. हँडलच्या डावीकडे बसवायला लोखंडी तुकडा स्वतः कापला. "डावीकडं? उजव्या हातानं गाडी चालवता ना?" मी कारण सांगितलं. त्याने तुकड्याच्या कडा दोनदा कानशीने घासल्या, लुगड्याला लागू नयेत म्हणून.

मग चाकाचं माप. टायरवर खडूची रेघ, जमिनीवर खडूची रेघ, चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकललं, पुन्हा रेघ. पट्टी लावली: अठराशे सत्तर मिलिमीटर. बटण दाबून धरलं की मीटर आकडा विचारतो, तो भरला.

समोर विहारात सराव चालू होता. गीताबाई घरीच होती, घोटा अजून उतरला नाही. बायकांची सुरुवात आज काही जमेना. पेटी वाजायची, सगळ्या थबकायच्या, मग कुठून तरी दोघी तिघी सुरू व्हायच्या. तीन वेळा तसंच झालं. एकीला जरा सर्दी असावी.

येताना आकडा बघत आलो. अठ्ठावीस, एकतीस, तीस. जणू गाडीला वाचा फुटली.

१३ जानेवारी

फसवणूक.

सकाळी मीटरची परीक्षा घ्यायला निघालो. हमरस्ता रुंद झाला तेव्हा तिकडे नव्या हिरव्या पाट्या आल्या, पण गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर माझे दगड अजून उभे आहेत. सतरा नंबरपाशी मीटर शून्य केला. अठरा नंबरपाशी थांबलो. मीटर म्हणतो, एक पूर्णांक दोन दशांश किलोमीटर.

परत गेलो, पुन्हा आलो. एक पूर्णांक दोन.

किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये किलोमीटरच असतो, हे चौथीतलं पोरही सांगेल. आणि ते दगड मी पुरले आहेत! भगीरथला फोन केला. शब्द जरा जास्त गेले. तुझी पट्टी खोटी, तुझं काम खोटं, असंही म्हणालो. तो म्हणाला, "मुकादम, पट्टी लोखंडाची हाय. ती काय उन्हानं वाढत नाय." आणि फोन ठेवला.

मग मीच चष्मा लावून बटण दाबलं. त्रैराशिक मांडलं. अठराशे सत्तरला एक पूर्णांक दोनने भागलं, पंधराशे साठ आले. ते भरले. आता सतरा ते अठरा बरोब्बर एक किलोमीटर दाखवतो. गुरुजी असते तर पाठीवर थाप दिली असती.

१९ जानेवारी, रविवार

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

गीताबाई दुपारी लुगडं नेसून आली. सीटवरून हात फिरवला, पुसलेली असूनही पुन्हा पदराने पुसली. बसली. डाव्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "दिसतोय." मला इतका आनंद झाला की फाट्यापर्यंत मी ओवीच म्हणत होतो, हळू, संथ. मीटर पंचवीस, अठ्ठावीस.

हमरस्त्याला लागल्यावर हवा गार होती, दोन्हीकडे कापलेल्या भाताची खळी, दूर डोंगराची निळी रेघ. ओवीतून भुजंगप्रयात कधी सुरू झालं ते कळलं नाही.

"थांबवा."

"काय झालं?"

"थांबवा म्हन्ते ना!"

नाल्याच्या पुलाजवळ थांबवली. ती उतरली.

"किती होता आकडा?" मी विचारलं.

"चाळीस."

"मग? तुझ्या अटीत बसलो ना?"

"आकडा चाळीस सांगत होता. पदर पन्नास सांगत होता. आन तुमची कविता तर साठ."

"अगो, मशीन आहे ते. मशीनला कसलं आलंय..."

"मशीनमधी कोन काय घालून ठेवतो ते मला काय म्हाईत? मला वारा म्हाईत हाय. चौदा वर्सं तोच तर मोजतेय."

उलट्या दिशेने जीप आली, तिला हात केला आणि घरी निघून गेली. मुरबाडला गेलीच नाही. मी पुलावर बसून राहिलो. इतकी वर्षं माणसं यंत्राला नावं ठेवत आली, पण सरळ समोर दिसणारा आकडाही मानायचा नाही म्हणजे काय!

२० जानेवारी

घरात बोलणं नाही. ताट येतं, ताट जातं.

२१ जानेवारी

ती परवा जे म्हणाली ते मनातून जात नाही. खोटं बोलणाऱ्यातली ती नाही. मीही नाही. मग पदर आणि आकडा यांच्यात दहाचा फरक आला कुठून?

भगीरथला फोन केला. आधी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हणाला, "सेटिंगला हात लावला का?" मी सांगितलं. मग म्हणाला, "परवा येतो. फिता घेऊन. तुमच्या त्या दगडापाशी उभे राहा. आता आपन चाक नाय मोजायचा. दगड मोजायचा."

२३ जानेवारी

भगीरथ गॅरेज बंद ठेवून आला. तीस मीटरचा फिता. सतरा नंबरपासून सुरुवात केली. तो पुढे टोक धरून, मी मागे, प्रत्येक फित्याला खडूची खूण. पाठ भरून आली. गावातला सुनिल गुरं घेऊन चालला होता, म्हणाला, "मुकादम, सरकारनं परत बोलावला काय? पेन्शन बंद झाली वाटतं!"

एकोणचाळीस फिते पूर्ण झाले आणि वर एकवीस मीटर. अकराशे एक्क्याण्णव मीटर.

"पुढचा पन बघू," भगीरथ म्हणाला. त्याच्या गाडीवर बसून अठरा ते एकोणीस गेलो. त्याच्या गाडीचा मीटर म्हणाला, शून्य पूर्णांक आठ. म्हणजे सगळे दगड जागेवर होते, एक सोडून.

मागे फिरताना, जिथे हजार मीटर भरले होते तिथे मी उतरलो. रस्त्याच्या कडेला घाणेरीची झुडपं आहेत. ती बाजूला केली. खाली काळाभोर कातळ, आणि त्यावर ओळीने तीन खळगे. पहारीचे.

मी खाली बसलो. सगळं आठवलं. सकाळभर टण् टण् झाल्यावर चंदर म्हणाला होता, मुकादम, इथं काय जमायचं नाय. दुसऱ्या दिवशी साहेब दगड बघायला येणार होते. भाकरी खाल्ल्यावर मी म्हणालो होतो, पुढं मुरूम आहे, तिथं गाडा, कोण मोजतंय. कातळ नरमला नव्हता. आम्ही सरकलो होतो. आणि मी इतकी वर्षं त्यातलं सरकणं गाळून फक्त कविता लक्षात ठेवली.

भगीरथला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हसत हसत कातळावरच बसला. "म्हंजे मुकादम, दगड चुकला म्हनून तुमी चाक कापलात!"

मी माफी मागितली. पट्टीची आणि त्याचीही. तो म्हणाला, "पट्टीची मागा. मला भाकरी द्या." बटण दाबून अठराशे सत्तर परत भरले. मग हिशेब करून म्हणाला, "त्या दिवशी आकडा चाळीस होता ना? खरा अठ्ठेचाळीस. मावशीचा पदर दोननं चुकला फक्त."

घरी गीताबाईने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. जेवताना भगीरथने विहारातली बातमी सांगितली: दोन रविवार पहिली ओळ कोणी उचलेना, म्हणून आता रश्मी म्हणते. रश्मी म्हणजे बँकेत नोकरी करते ती, तिशीतली, स्वतःच्या स्कूटरवरून फिरते. गीताबाईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "बरा झाला. पोरीचा गळा चांगला हाय." मग पाणी आणायला आत गेली, ती बराच वेळ आली नाही.

गाडीला कीक मारता मारता भगीरथला आठवलं: "रश्मीताईनं निरोप दिलाय. मावशीचा आवाज फोनमधी भरून पाठवा म्हन्ली, पहिल्या ओळीचा."

हे मी गीताबाईला सांगितलं नाही. जागा घेतली ती घेतली, आता सूरही फोनवर मागवते! उगाच हिच्या जिवाला लागेल.

२४ जानेवारी

सकाळी चुलीपुढे बसून दगडाचं सगळं सांगितलं. कातळ, मुरूम, साहेब, त्रैराशिक.

ती हसली. भाद्रपदानंतर पहिल्यांदा हसली. "म्हंजे एकोनचाळीस वर्सं आमी बाया दगडापर्यंत आलो, आता यवढाच राह्यला म्हनून बोजा डोईवर घेत होतो, तो दोनशे मीटर तुमचा होता?"

"हो."

"आन मला वाटायचा माझीच कंबर गेली."

मग हसणं थांबवून तिने विचारलं, "आन त्या गतिरोधकाचा?"

मी म्हणालो, तो रातोरात...

"तो दोन वर्सं हाय तिथं."

इथे लिहितो, कारण तिला सांगितलं ते वहीतही असायला हवं. गतिरोधक जुना होता. मी कविता म्हणत होतो आणि ठेका धरायला डावा हात हँडलवरून काढून मांडीवर थाप देत होतो. एका हाताने गाडी चालली होती. ती मागून दोनदा ओरडली होती. मला वाटलं, वा, दाद देते आहे.

तिने उठून कोंबड्यांना दाणे टाकले. परत आली आणि म्हणाली, "आकडा बरोबर केलात ना? बरा. आता तोंड पन बंद ठेवा. गाडीवर कविता नाय. एक ओळ पन नाय. दोनी हात हँडलला."

"एकही ओळ नाही?"

"मनात म्हना. पन मनात सुद्दा ती गाडी पळवनारी नाय, ती हळू वाली."

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. मग गीताबाई म्हणाली, "चला, जरा फाट्यापर्यंत. बघू."

बसली. मी तोंड मिटून. किती कठीण असतं ते, लिहून कळायचं नाही. दोन्ही बाजूंनी वाऱ्याने ओळी आणून द्याव्यात आणि आपण ओठ दाबून धरावेत. मागून तेवढा आवाज येई: "तीस. चौतीस. छत्तीस, कमी करा. बत्तीस." आकडे वाचायचा तिचाही एक ठेका आहे.

फाट्यावरून वळलो तेव्हा कुठे तरी बारीक घुरघुर ऐकू यायला लागली. मला वाटलं, चाकाच्या बेअरिंगमध्ये काही आहे, सेन्सर घासतो की काय. वेग कमी केला, आवाज कमी होईना. मग कळलं, ती गात होती. माझ्या डाव्या खांद्याशी, अगदी हळू. जयंतीचं गाणं. पहिली ओळ वर चढते आणि तिथेच थांबते, पाण्याने भरलेली घागर डोक्यावर थांबावी तशी.

एकोणपन्नास वर्षांच्या संसारात मी तिला घरात अखंड गाणं म्हणताना ऐकलेलं नाही. घरात ती का गात नाही कुणास ठाऊक. मी तर दिवसभर काही ना काही म्हणत असतो, तिनेही म्हणायला काय हरकत होती!

अंगणात उतरल्यावर म्हणालो, "दुपारी मुरबाडला जाऊ. आकडा खरा आहे, मी गप्प आहे."

"आता कशाला? रश्मी म्हनते ना पुढं. मी काय मागच्या रांगेत उभी राहून तोंड हलवू?" पण काठी तिने ओट्याला टेकवून ठेवली आणि आत जाताना न्यायला विसरली.

२८ जानेवारी

भगीरथचा फोन. "मुकादम, निरोप दिलात का? रश्मीताई परत इचारत होती." मी म्हणालो, हो हो, बघतो.

दिलेला नाही.

३० जानेवारी

आज मीटर पुसताना विचार केला. दगड पुढे सरकवला तेव्हाही मला वाटलं होतं, कोणाचं काय बिघडतंय. निरोप दाबला तेव्हाही तेच वाटलं. पण दगडाचं वेगळं. हे मी तिच्याच भल्यासाठी करतो आहे. करतो आहे ना? त्या बँकवालीने जागा घेतली याचा राग गीताबाईपेक्षा मलाच जास्त आहे असं दिसतं. गीताबाई तर काल म्हणत होती, पोरगी नोकरी करून सराव करते, कौतुक आहे.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

३१ जानेवारी

सांगितलं नाही. ती कांदे लावत होती. कामात होती.

२ फेब्रुवारी, रविवार

जेवणं झाली. गीताबाई माजघरात लुगड्यांच्या घड्या करते आहे. पांढरं लुगडं सर्वांत वर ठेवते, मग खाली ठेवते, मग पुन्हा वर. आज शेवटचा सराव. मी खिडकीशी वही घेऊन बसलो आहे. आता उठावं आणि सांगून टाकावं, असं ठरवून हे लिहितो आहे. लिहून झालं की उठतो.

अंगणात स्कूटर थांबली. स्टँड लावल्याचा आवाज. संघरत्ना असेल; नाही, तिच्याकडे गाडी नाही. हेल्मेट काढते आहे. रश्मी! ती बँकवाली. मुरबाडहून इथे, एकटी, भर उन्हात. घामाने केस कपाळाला चिकटलेत. ती थेट दारात उभी राहिली.

"जय भीम, मावशी. घर शोधत शोधत आले."

"जय भीम गो. ये, ये. पानी घे आधी. काय झाला?"

"काय होणार? पहिली ओळ मला नाय जमत. वर जाते नि तिथं थांबताच येत नाय, कोसळते. सगळ्या मावश्या म्हणतात, गीताबाईकडून शिक नायतर तिलाच आण. तुम्ही रागावलात का आमच्यावर? दोनदा निरोप दिला मी भगीरथदादांकडे. आवाज तरी पाठवा म्हटलं, ऐकून ऐकून बसवेन. उत्तरच नाय, म्हणून बँकेला सुट्टी बघून आले. कार्यक्रमात पुढे तुम्हीच उभं राहायचं, मावशी. मी बाजूला. चला, बसा माझ्या मागे, हळू नेते."

मी लिहितो आहे कारण मान वर करायचा धीर नाही.

"निरोप?" गीताबाई म्हणते आहे. "दोनदा?"

पावलं खिडकीकडे येताहेत. काठीशिवायची.

"अहो."

"हं."

"वही ठेवा खाली. गाडी काढा. पोरी, तू हो पुढं, मी आमच्या गाडीवर येते, तिला आकडा हाय. निरोपाचा काय झाला त्ये मी यांना मुरबाडपर्यंत इचारते. बरा झाला, यांना गाडीवर बोलायची बंदीच हाय."